सोबत-अंक एकेचाळीस

महोदय,

आपली कारणे दाखवा नोटीस मिळाली. सहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार ओळी सोडल्या आहेत. चार ओळींत मावेल असं फक्त पहिलंच उत्तर आहे. बाकीच्यांसाठी कागद जोडले आहेत.

प्रश्न १. नाव, हुद्दा, सेवेचा कालावधी.

कल्याणी अभिजित चौगुले. निरीक्षक, नेत्रजाल नियंत्रण कक्ष. चार वर्षं दोन महिने. सकाळची पाळी, सात ते तीन.

प्रश्न २. ‘सोबत-अंक’ या सुविधेची आपणास पूर्ण माहिती होती काय?

होती. आणि नव्हती. ‘नव्हती’चं उत्तर सहाव्या प्रश्नात आहे. ‘होती’चं इथं लिहिते.

पूर्वी शहरातले कॅमेरे सुटे होते. सराफाचा कॅमेरा सराफापुरतं बघायचा, बँकेचा बँकेपुरतं. चोर बँकेच्या पायऱ्या उतरला की बँकेच्या कॅमेऱ्यासाठी तो संपला. नेत्रजालानं तेवीसशे कॅमेरे एकमेकांना जोडले, आणि एकाच्या नजरेतून निसटलेला माणूस दुसऱ्याच्या नजरेत सापडू लागला. त्यासाठी चेहरा लागत नाही. आमच्याकडं निम्म्या बायका तोंडाला ओढणी बांधून गाडी चालवतात, चेहऱ्यावर कोण विसंबणार? जाल चाल ओळखतं. टाच कधी टेकते, गुडघा किती वाकतो, कंबर कुठल्या बाजूला झुकते. माणूस मिशा काढेल, केस रंगवेल, पण चाल बदलणं त्याच्या हातात नसतं.

सोबत-अंक ही त्याच्या पुढची पायरी. दोन माणसं रोज बरोबर चालली की त्यांची पावलं नकळत एकमेकांना धरू लागतात. एकाची टाच टेकते तेव्हा दुसऱ्याचीही टेकू बघते. एक थबकला की दुसरा अर्ध्या पावलात सावरतो. कुणी ठरवून करत नाही. जाल हे महिनोन्‌महिने मोजतं आणि शंभरपैकी एक आकडा देतं. अनोळखी माणूस मुलाचा हात धरून निघाला, तर मूल हसत असलं तरी पावलं भांडत असतात. ते भांडण आम्हाला दिसतं.

याचा उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये. उरसात हरवलेल्या चार वर्षांच्या पोरीला स्वतःचं आडनाव सांगता येत नव्हतं. जालानं तिच्या पावलांना पाव लाख माणसांतून जोड शोधली आणि अकरा मिनिटांत तिची आई समोर उभी केली. विसरभोळे झालेले एक मास्तर आठवड्यातून दोनदा घर चुकायचे. आता ते एकटे दोन चौक ओलांडून गेले की सुनेच्या फोनवर घंटा वाजते. मी स्वतः त्यांना सोळा वेळा घरी पोचवलंय, खुर्चीवरून न उठता. त्या नोकरीचा मला अभिमान होता.

मग शाळांची फाटकं जालाला जोडली. मुलाला न्यायला आलेल्या माणसाचा त्या मुलाशी अंक साठ किंवा जास्त असेल तर हिरवा दिवा. नसेल तर तांबडा.

प्रश्न ३. श्रीमती शैलजा चौगुले यांची नोंद आपण चार महिन्यांत २१४ वेळा उघडल्याचे आढळते. त्यांच्याशी आपले नाते काय? नोंद उघडण्याचे प्रयोजन काय?

जाऊ. थोरली जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. माझी सहा वर्षांची मुलगी इरावती त्यांना मोठी आई म्हणते. आमच्याकडं थोरल्या काकूला तसंच म्हणायची रीत आहे, त्यात कुणी कुणाचं हिरावून घेत नाही. तरी मी नुसती आई आणि मोठी दुसरीच कुणी, हे मला रोज ऐकावं लागतं.

माझे पती पुण्याकडच्या कारखान्यात असतात, शनिवारी येतात. मी साडेसहाला घर सोडते तेव्हा इरू झोपलेली असते. तिची वेणी वहिनी घालतात. शाळेत वहिनी सोडतात, वहिनीच आणतात. इरूला दमा आहे. तिचा फवाऱ्याचा पंप वहिनींच्या पर्समध्ये असतो, कारण इरू त्यांच्याजवळ असते. त्यांचे दोन्ही मुलगे वसतिगृहात आहेत. मी कधी सांगितलं नाही की हे करा. त्यांनी कधी विचारलं नाही की करू का. आमच्या घरात कामं अशीच वाटली जातात, न बोलता. मग मनातलंही न बोलताच राहतं.

सप्टेंबरात एका गुरुवारी मला लवकर सुटी मिळाली. मी थेट शाळेवर गेले. इरू फाटकाच्या आत, मी बाहेर. रखवालदार गुरवमामा म्हणाले, “मॅडम, जरा बाजूला व्हा. तांबडा पडतोय.”

“मामा, मी तिची आई आहे.”

“असाल की. मी कुठं न्हाई म्हणतोय? पण मशीन म्हणतंय एकेचाळीस. साठ पायजेत.”

“मी त्याच मशीनवर काम करते!”

“मग तुम्हाला तर ठावं असणार. जन्मदाखला आणा, मोठ्या बाई सही करत्यात. आईबापाला सूट हाय.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. “नियंत्रण कक्षच नियंत्रणात आला.”

तेवढ्यात वहिनी आल्या. अजून दहा पावलं लांब होत्या, तोवर दिवा हिरवा झाला आणि फाटक आपोआप सरकलं. इरू माझ्या शेजारून पळत गेली आणि त्यांच्या अंगठ्याला धरून उभी राहिली. हाताला नाही, अंगठ्याला.

“अगं, तू आलीस होय?” वहिनी म्हणाल्या. “आधी सांगायचंस की. उन्हात दोघींनी कशाला यायचं?”

या बोलण्यात टोमणा होता का, हे मी घरी जाईपर्यंत शोधत होते. नव्हता. त्याचा जास्त राग आला.

जन्मदाखला मी नेला नाही. नऊ महिने पोटात वागवलेल्या मुलीसाठी मी कागद दाखवायचा, आणि वहिनींनी नुसतं चालत यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मी त्यांची नोंद पहिल्यांदा उघडली. अठ्ठ्याहत्तर. मग रोज. कधी दिवसातून तीनदा. दिवाळीनंतर एकोणऐंशी झाला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझा एकेचाळीसच. आपण प्रयोजन विचारलंय. शेजारणीची भाकरी फुगली की कशी फुगली हे बघायला बायका जातात ना, तसं. त्या सावलीच्या बाजूनं लांबचा रस्ता घेतात, हे मला कळलं. हार विकणारीपाशी थांबतात, इरूला मोगऱ्याचा वास घेऊ देतात. दुभाजकाच्या कडेवरून तिला तोल सांभाळत चालू देतात आणि स्वतः खाली, रस्त्यावरून, तिच्याच वेगानं. हे सगळं मी बघितलं आणि मला त्यांचं कौतुक वाटलं नाही. मला वाटलं, हे माझं आहे.

एका रविवारी मी त्यांच्या चपला मागितल्या.

“वहिनी, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय. तुमची जोडी नेऊ का?”

“ने की. पण सैल होतील तुला.”

सैल होत्या. तरी त्या घालून मी इरूला बागेत नेलं. वहिनी डाव्या बाजूला किंचित झुकून चालतात, तशी झुकून चालले. चारशे पावलं मोजली.

“आई,” इरू म्हणाली, “तुला काही चावलंय का?”

सोमवारी अंक बघितला. एकोणचाळीस.

प्रश्न ४. दिनांक २२ जानेवारी रोजी श्रीमती शैलजा चौगुले यांच्या नावे ‘थांबवा’ अशी खोटी नोंद का केली?

२१ तारखेला आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका ओळीनं बसल्या होत्या. वाण इरू वाटत होती, एकेकीपाशी जाऊन. पलीकडच्या घोरपडेकाकू म्हणाल्या, “कल्याणी, पोरगी तुझी, पण चाल बघ, अगदी शैलाची उचललीय.” सगळ्या हसल्या. मीही हसले. वहिनी लाजल्या. त्या लाजल्या, हे मी विसरू शकले नाही.

‘थांबवा’ नोंद कशासाठी असते हे आपणास माहीत आहे. नवराबायकोच्या वादात मूल पळवलं जाऊ नये म्हणून. नाव टाकलं की ती व्यक्ती त्या मुलासोबत दिसताच फाटक बंद, कक्षात घंटा, गस्तीची गाडी रवाना. अंक कितीही असो. निरीक्षक स्वतःच्या अधिकारात चोवीस तासांची नोंद टाकू शकतो, कागद नंतर. २२ तारखेला सकाळी १०.०५ ला मी टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कौटुंबिक वाद’. वाद कुणाशीच झाला नव्हता. तो एकट्या माझ्यात चालला होता.

बेत असा होता. बारा चाळीसला शाळा सुटेल. वहिनी येतील. तांबडा दिवा लागेल. सगळ्या पालकांसमोर गुरवमामा त्यांना म्हणतील, जरा बाजूला व्हा. घंटा माझ्याच टेबलावर वाजेल, मी ती दाबून टाकीन, गाडी जाऊ देणार नाही. मग अर्ध्या तासाची रजा टाकून मी जाईन, जन्मदाखला पर्समध्ये असेल, आणि मी त्यांना म्हणेन, “वहिनी, तुम्ही व्हा पुढं. मशीनचं असंच असतं.”

हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

प्रश्न ५. फाटकावरील घंटा ११.२१.०४ ला वाजली. नोंद खोटी असल्याचे आपण ११.२२.५६ ला सांगितले. मधल्या एक मिनिट बावन्न सेकंदांत आपण काय करत होता?

बघत होते.

वर्गात इरूला दम लागला होता. शाळेनं आधी मला फोन केला. माझा फोन नियमाप्रमाणे कक्षाबाहेरच्या कपाटात होता. मग त्यांनी वहिनींना केला. वहिनी आमच्या गल्लीतून स्कूटरवर सहा मिनिटांत आत पोचल्या. आत जाताना त्या एकट्या होत्या, म्हणून फाटक उघडलं. बाहेर पडताना इरू त्यांच्या खांद्यावर होती.

यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला फक्त चित्र दिसत होतं. फाटकाच्या कॅमेऱ्याला आवाज नाही.

घंटा माझ्या टेबलावर वाजली, पण आमचे कक्षप्रमुख पाटसकर साहेब नेमके माझ्या पाठीमागं उभे होते. “चौगुले! बघा, बघा! भरदिवसा पोर उचलून निघाली बाई. धरलं की नाही जालानं?” त्यांना नावं दिसत नव्हती, नुसते क्रमांक. मी काही बोलायच्या आत त्यांनी बिनतारीवर गाडी सोडलीसुद्धा.

पहिले वीस सेकंद: मला वाटलं, इरू झोपलीय. किंवा पोट दुखतंय, लवकर घरी न्यायला आल्या.

पुढचे वीस: वहिनी फाटकाशी उभ्या. गुरवमामा हात हलवून नाही म्हणतायत.

पुढचे: वहिनींनी तळहातानं फाटक बडवलं. त्या बाईला मी चौदा वर्षांत आवाज चढवताना पाहिलेलं नाही. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मला बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं. आपण विचारलंत म्हणून लिहिलं.

पुढचे: इरूचं तोंड त्यांच्या मानेत खुपसलेलं. माझ्या मानेत तिनं असं शेवटचं कधी खुपसलं होतं, ते मी आठवत होते.

मग वहिनींनी तिला मामांच्या स्टुलावर बसवलं, पर्समधून पंप काढला आणि तिच्या तोंडाला लावला. एकदा दाबला. दोनदा. तिसऱ्यांदा दाबून त्यांनी पंप कानाशी हलवला. मग तो टाकून दिला. इरूचे खांदे कानापर्यंत वर जात होते आणि गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. कॅमेरा इतका चांगला आहे की तो खळगा मला दिसला.

“साहेब, ती नोंद खोटी आहे. मी टाकलीय. पोरगी माझी आहे.”

साहेबांना काही कळेना. “तुमची म्हणजे?”

“माझी मुलगी आहे, साहेब. तिला श्वास येत नाहीये. फाटक उघडा.”

पुढची सहा मिनिटं माझ्या बचावासाठी लिहीत नाही. जालाच्या बाजूनं लिहिते, कारण आता वर्तमानपत्रात काहीबाही येईल. तौसिफ मुल्ला या आमच्या अभियंत्यानं फाटक सोडलं आणि त्याच हातानं स्कूटरचा क्रमांक जालात टाकला. वहिनी चालवत होत्या, मागं इरूला कवटाळून गुरवमामा. चार चौकांतले सिग्नल त्या पोचायच्या आधी एकेक करून हिरवे होत गेले. वहिनींना धरायला निघालेली गाडीच बाजारपेठेत पुढं होऊन वाट मोकळी करत चालली. एका कॅमेऱ्यातून स्कूटर गेली की दुसऱ्यात यायची. मी खुर्ची घट्ट धरून उभी होते. दवाखान्याच्या दारात प्राणवायू घेऊन माणसं आधीच उभी होती. एरवी या रस्त्याला पंधरा मिनिटं लागतात. सहा लागली.

पण त्याआधीचे एक मिनिट बावन्न सेकंद माझे आहेत.

दवाखान्यात इरूच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता आणि ती झोपली होती. बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती.

“वहिनी, फाटक मी बंद केलं होतं.”

“काहीतरी बोलू नकोस. मशीन बिघडलं असेल.”

“बिघडलं नव्हतं. मी तुमचं नाव टाकलं होतं. तुम्हाला तांबडा दिवा लागावा म्हणून.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“कसला दिवा?” त्यांनी विचारलं.

“फाटकावरचा. तुम्हाला हिरवा लागतो, मला तांबडा.”

“दिवा आहे होय तिथं?” वहिनी म्हणाल्या. “मी कधी वर बघितलंच नाही गं. मी पोरीकडं बघत येते.”

मग त्या उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

प्रश्न ६. आपणास आणखी काही सांगावयाचे आहे काय?

आहे.

चौकशीसाठी नोंदी छापायला तौसिफ आला होता. त्यानं माझ्यासमोर एक कागद ठेवला. “मॅडम, हे दोन रकाने तुम्ही कधी उघडलेच नाहीत?”

मला माहीतच नव्हतं की सोबत-अंक ही बेरीज असते. आमच्या पडद्यावर फक्त बेरीज येते. आतले रकाने अभियंत्यांच्या पडद्यावर असतात. सोबत दोन बाजूंनी होते, असं तो म्हणाला. ‘अ’नं ‘ब’साठी पाऊल किती बदललं ते पन्नासपैकी, ‘ब’नं ‘अ’साठी किती बदललं ते पन्नासपैकी.

वहिनी आणि इरू: वहिनींकडून सत्तेचाळीस, इरूकडून बत्तीस. एकूण एकोणऐंशी.

मी आणि इरू: इरूकडून अडतीस. माझ्याकडून तीन. पुन्हा एकेचाळीसच.

मी तो कागद उलटा धरलाय का, हे बघितलं.

“म्हणजे पोरगी तुमच्या पावलाला धरायचा प्रयत्न जास्त करते, मॅडम,” तौसिफ खाली बघत म्हणाला. “मोठ्या मॅडमपेक्षा जास्त. पण तुम्ही... म्हणजे तुम्ही भराभर चालता.”

मी भराभर चालते. पाळीला पोचायला, पाळीवरून यायला. रविवारी बागेतसुद्धा. इरू माझ्या मागून दुडदुडत यायची आणि मला वाटायचं, हिला पळायला आवडतं.

चार महिने मी वहिनींच्या ताटात काय वाढलंय ते बघत होते. माझ्या ताटातले अडतीस मी मोजलेच नाहीत. आणि ते तीन वाढवायला वहिनींनी मला कधी अडवलं नव्हतं.

निलंबन झाल्यापासून दुपारी इरूला शाळेतून मी आणते. वहिनी मागून, दहा-बारा पावलांवर, कारण फाटकाशी मुलगी त्यांच्याच ताब्यात मिळते. आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. चहा घे. पंप नवीन आणलाय. एवढंच. काल मी मुद्दाम पाऊल आखडून चालत होते, इरूच्या मापानं.

“आई, तू अशी काय चालतेस?” ती म्हणाली. “चल ना पटपट.”

“तुला दम लागेल.”

“नाही लागत. मला येतं तुझ्यासारखं. बघ!” आणि तिनं ढांग टाकली, इतकी मोठी की दप्तर पाठीवर उडालं.

मागून वहिनींचा आवाज आला, “कल्याणी, पोरीला पळवू नकोस गं! आणि तूही नीट बघून चाल, पुढं खड्डा आहे.”

मी वळून बघितलं. त्या इरूकडंच बघत होत्या.

शिक्षा आपण द्याल ती मान्य आहे. दोन विनंत्या आहेत. जन्मदाखल्यावरची सूट मला देऊ नये, मी अर्ज केलेला नाही आणि करणार नाही. दुसरी, माझा अंक साठावर गेला तर फाटकच सांगेल. तोवर तो मला कळवू नये.

शैलजा चौगुले यांचाही कळवू नये.

~~तो खाली आला असल्यास मात्र कळवावा.~~

वरची ओळ मी खोडली आहे, कृपया वाचू नये.

आपली,
कल्याणी चौगुले